उपसंपादक म्हणजे उपसचिव नव्हे

केंद्र सरकारात प्रतिनियुक्तीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्याला राजधानीत पहिल्या काही महिन्यांत जी कोडी सोडवावी लागतात, त्यांत टेबलावर साचत जाणाऱ्या पत्रकारांच्या व्हिजिटिंग कार्डांचे कोडे किरकोळ मानले जाते. प्रत्यक्षात ते किरकोळ नाही. एका कार्डावर 'स्पेशल करस्पॉन्डंट', दुसऱ्यावर 'पोलिटिकल एडिटर', तिसऱ्यावर 'ब्यूरो चीफ', चौथ्यावर 'कन्सल्टिंग एडिटर' आणि पाचव्यावर नुसतेच 'जर्नलिस्ट'. सचिवालयाच्या उतरंडीत आयुष्य गेलेला अधिकारी स्वाभाविकपणे या नावांचीही उतरंड लावू पाहतो, आणि तिथेच फसतो.

फसवणुकीचे मूळ उपसर्गांत आहे. सरकारात 'उप' म्हणजे बऱ्यापैकी वरचा माणूस. अवर सचिवाच्या वर उपसचिव, त्याच्या वर संचालक, मग सहसचिव. 'सहायक' मात्र तळाशी, कक्षातल्या टेबलामागे. वृत्तपत्रात नेमके उलटे. तिथला उपसंपादक हा संपादकाच्या खालोखालचा दुसरा माणूस नव्हे, तर संपादकीय टेबलावरची पहिली पायरी. आलेली बातमी दुरुस्त करणे, कापणे, तिला मथळा देणे आणि पानात बसवणे हे त्याचे काम. इंग्रजीतल्या 'सब-एडिटर'चे मराठीत 'उपसंपादक' झाले आणि 'डेप्युटी सेक्रेटरी'चेही 'उपसचिव' झाले. इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, मराठीने दोघांना एकच उपसर्ग दिला. याउलट 'असिस्टंट एडिटर' हे जुन्या इंग्रजी दैनिकांतले मानाचे पद. अग्रलेख लिहिणाऱ्यांना ते मिळे. म्हणजे 'उप' खाली आणि 'सहायक' वर! मंत्रालयातल्या एखाद्या सभ्य गृहस्थाने उपसंपादकाला खुर्ची द्यावी आणि सहायक संपादकाला बाहेर बसवून ठेवावे, यात त्याचा दोष नाही.

तरीही या तळाच्या उपसंपादकाचे महत्त्व अधिकाऱ्याने ओळखून असावे. तक्रारीचा दूरध्वनी नेहमी वार्ताहराला जातो. आणि 'मथळा मी दिलेला नाही, डेस्कने दिला' हे वार्ताहराचे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. बातमी लिहिणारा दिल्लीत असतो, तिचा मथळा ठरवणारा मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात. संसदेत प्रश्न उपस्थित होतो तो मथळ्यावरून.

'रिपोर्टर' आणि 'करस्पॉन्डंट' यांतला फरकही असाच अंतराचा आहे. वृत्तपत्र ज्या शहरातून निघते तिथे हिंडून बातमी आणणारा तो रिपोर्टर. दूर राहून पत्राने बातमी कळवणारा तो करस्पॉन्डंट. शब्दाचा अर्थच मुळी पत्रव्यवहार करणारा. त्यामुळे दिल्लीतल्या प्रादेशिक वृत्तपत्रांचे सगळेच प्रतिनिधी करस्पॉन्डंट ठरले, आणि राजधानीचा मान म्हणून बहुतेक 'स्पेशल' झाले. आता तर विशेष नसलेला प्रतिनिधी शोधावा लागतो. रफी मार्गावरच्या आयएनएस इमारतीत प्रादेशिक दैनिकांनी वर्षानुवर्षे ज्या खोल्या थाटल्या, त्यांतल्या कित्येकांत 'ब्यूरो' म्हणजे एक माणूस आणि एक संगणक असे. तो माणूस ब्यूरोचा प्रमुख असतो, कारण ब्यूरोत दुसरे कोणी नसते. पदनाम वाढले, माणसे वाढली नाहीत. वाहिन्या आल्यावर यात 'इनपुट' आणि 'आउटपुट' या दोन विभागांच्या प्रमुखांची भर पडली; एक बातमी आत आणतो, दुसरा ती पडद्यावर सोडतो. 'अँकर' हा शब्द तर वृत्तपत्रात पहिल्या पानाच्या तळाशी येणाऱ्या वेधक बातमीसाठी वापरला जाई. पडद्यावर तोच शब्द माणसाला लागला आणि तळाचा अँकर थेट शिखरावर जाऊन बसला.

मराठीला या कामासाठी शब्दांची उणीव कधीच नव्हती. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीत असलेल्या हिंगणे घराण्यातील मंडळी मोगल दरबारातल्या घडामोडी पत्रांतून पुण्याला कळवीत असत. करस्पॉन्डंटची व्याख्या त्यांना पुरेपूर लागू पडते, फक्त त्यांचा वाचक एकच होता. 'बातमीदार' या शब्दाला त्या काळचा वास अजून आहे. 'वार्ताहर' संस्कृतातून आला. वार्ता वाहून नेणारा, निरोप्या. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत, म्हणजे मराठी पत्रकारितेचा जन्मच इंग्रजीच्या शेजारी झाला. 'पत्रकार' हा शब्द रूढ होण्याआधी 'पत्रकर्ते' होते, आणि टिळकांना तर 'केसरीकर्ते' असेच म्हणत. 'कर्ता' या शब्दात जबाबदारी होती. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेल्या मजकुरावरून १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोन संपादकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. संपादक या पदनामाची किंमत तेव्हा अशी मोजली जाई.

ती किंमत कायद्याने आजही लावलेली आहे, म्हणूनच हा विषय केवळ भाषेच्या गमतीचा राहत नाही. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्यात १९२२ साली 'एडिटर'ची व्याख्या घालण्यात आली: छापावयाच्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण, तो संपादक. अंकावर ज्याचे नाव संपादक म्हणून छापले जाते, त्यानेच मजकूर निवडला असे न्यायालय प्रथमदर्शनी धरून चालते. १९६७ साली नागपूरच्या एका मराठी साप्ताहिकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मजकूर प्रक्षोभक असल्याच्या आरोपावरून संपादकाबरोबर संपादक मंडळातील सदस्यांवरही खटला भरला होता. मंडळावर नाव असणे म्हणजे संपादक असणे नव्हे, असे सांगून न्यायालयाने त्या सदस्यांना मोकळे केले. पुढे मोठ्या समूहांत मुख्य संपादक, व्यवस्थापकीय संपादक, निवासी संपादक अशी नावे वाढली. मग प्रश्न उलटा झाला: इतक्या संपादकांत उत्तरदायी कोण? केरळमधून आलेल्या बदनामीच्या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पदाचे नाव वेगळे आहे एवढ्याने संरक्षण मिळत नाही. मजकुराची माहिती आणि त्याची जबाबदारी त्या व्यक्तीकडे होती असा ठोस आरोप असेल, तर व्यवस्थापकीय संपादकालाही खटल्याला सामोरे जावे लागेल.

जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिके नोंदणी कायदा २०२३ साली संमत झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यातली संपादकाची व्याख्या या साऱ्या गोंधळाला कंटाळून लिहिल्यासारखी वाटते. संपादक, मुख्य संपादक, समूह संपादक वा अन्य काही म्हणा, मजकुरावर अंतिम अधिकार ज्याचा तो संपादक, असा तिचा आशय आहे. कायदेमंडळाने पदनामांच्या फुलोऱ्याकडे पाठ फिरवून कामाकडे बोट दाखवले, हे योग्यच झाले. मात्र जबाबदारी ठरवताना शासनाला जी स्पष्टता सुचते, ती हक्क देताना सुचतेच असे नाही.

हक्कांचा मुख्य कायदा १९५५ चा, श्रमिक पत्रकारांचा. 'वर्किंग जर्नलिस्ट' हा इंग्रजी शब्दप्रयोग या कायद्याने भारतीय वृत्तपत्रसृष्टीत पक्का केला. मालक किंवा व्यवस्थापक नसलेला, पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय आहे असा नोकरदार, हा त्याचा अर्थ. व्याख्येत पदांची यादीच दिलेली होती: संपादक, अग्रलेखक, वृत्तसंपादक, उपसंपादक, फीचर-लेखक, रिपोर्टर, करस्पॉन्डंट, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार, मुद्रितशोधक. आणि या मांदियाळीत एक 'कॉपी-टेस्टर'. इंग्लंडमधल्या वृत्तपत्रांत येणाऱ्या ढिगाऱ्यातून कोणती बातमी घ्यायची हे पहिल्या नजरेत ठरवणाऱ्याला जे नाव होते, त्याचा अर्थ 'चाखणारा'. आपल्या कायद्यात मात्र जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'तपासणारा'. रोमन लिपीतल्या एका अक्षराचा हा फेरफार. देवनागरीत दोन्ही 'टेस्टर'च लिहिले जातात, त्यामुळे मराठी वाचकाला हा भेद कळण्याची सोयच नाही. हा पदाधिकारी प्रत्यक्षात कोणत्या कार्यालयात बसतो, हे विचारू नये. पण त्याचे कायदेशीर अस्तित्व मात्र अढळ राहिले.

या यादीत नाव असण्याला अर्थ होता. संपादकाला कामावरून कमी करायचे तर सहा महिन्यांची सूचना, इतर श्रमिक पत्रकारांना तीन महिन्यांची. चार सलग आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही. आणि वेतन मंडळाने ठरवलेले वेतन. दिवाटिया, शिंदे, पालेकर, बचावत, मणिसाना ही एकेकाळी वृत्तपत्र कार्यालयांत घरच्या माणसांसारखी घेतली जाणारी नावे वेतन मंडळांच्या अध्यक्षांची. शेवटच्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या.

पदनामांचे राजकारण सुरू होते ते इथे. मुख्यत्वे व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा या व्याख्येतून वगळलेला होता. त्यामुळे पगार वाढवण्यापेक्षा पद वाढवणे स्वस्त पडू लागले. काल वरिष्ठ उपसंपादक असलेला आज 'असिस्टंट मॅनेजर, कंटेंट' झाला, की तो वेतन मंडळाच्या कक्षेतून बाहेर पडला असा दावा करता येतो. दुसरा मार्ग कंत्राटाचा. नव्वदच्या दशकापासून इंग्रजी दैनिकांत आणि पुढे भाषिक दैनिकांत कंत्राटी नेमणुका रुळल्या. 'कन्सल्टंट', 'रिटेनर' ही नावे त्या व्यवस्थेची. १९ जून २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी पत्रकारांनाही मजिठियाच्या शिफारशी लागू होतात, आणि कमी वेतन स्वीकारल्याचे लिहून घेतले तरी किमान हक्क बुडत नाही, असे निःसंदिग्ध सांगितले. पद नव्हे, काम पाहावे हे तर कामगार न्यायालयांचे जुनेच सूत्र. पण ते सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि तिथे गेलेल्या पत्रकाराला दुसरीकडे नोकरी मिळणे किती कठीण होते हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे.

आता १९५५ चा कायदाच राहिलेला नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो विलीन झाला, आणि चारही कामगार संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. नव्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमे आली, ही जुनी मागणी होती. १४४ तासांची मर्यादा राहिली. वेतन मंडळाची तरतूद मात्र जशी होती तशी उतरली नाही. पत्रकार संघटनांचा मुख्य आक्षेप तोच आहे, आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

वेतनाचे दार एक. प्रवेशाचे दार दुसरे. महाराष्ट्रात ज्याला 'अधिस्वीकृती' म्हणतात, ते दिल्लीत पत्र सूचना कार्यालयाचे 'ॲक्रेडिटेशन'. मंत्रालयांत विनाअडथळा जाता येते ते या कार्डामुळे. पत्रकार कोण हे इथे व्याख्येने नव्हे, तर वर्षांनी ठरते. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्णवेळ पत्रकाराला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो, मुक्त पत्रकाराला १५ वर्षांचा. एकाच कामासाठी तिप्पट वनवास, केवळ 'फ्रीलान्स' या शब्दामुळे. याच सूचनांत एक कलम असेही आहे, की 'भारत सरकारची मान्यता असलेला' अशा अर्थाचे शब्द पत्रकाराने व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर वा समाजमाध्यमांवर वापरू नयेत. कार्डाचा गैरवापर होतो हे खरेच. पण सरकारने दिलेले पदनाम सरकारनेच लपवायला सांगावे, हा प्रकार राजधानीलाच शोभतो.

या कार्डावर सत्तेचा डोळा कसा असतो, याचा अनुभव एप्रिल २०१८ मध्ये आला. खोटी बातमी दिल्याचे ठरल्यास पहिल्या वेळी ६ महिने, दुसऱ्या वेळी वर्षभर आणि तिसऱ्या वेळी कायमचे ॲक्रेडिटेशन रद्द करण्याची तरतूद माहिती व प्रसारण मंत्रालयाने जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कार्यालयाच्या सूचनेवरून ती मागे घ्यावी लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रसारण विधेयकाच्या मसुद्यातून 'डिजिटल न्यूज ब्रॉडकास्टर' असा नवा प्राणी अवतरला, आणि यूट्यूबवर एकट्याने बोलणारेही त्यात येतील अशी चर्चा सुरू होताच ऑगस्टमध्ये तो मसुदा आवरता घेतला गेला. नियंत्रणासाठी व्याख्या रुंद करायची आणि मान्यतेसाठी अरुंद, ही प्रवृत्ती एका पक्षाची नाही. सत्तेत बसणाऱ्या प्रत्येकाला ती सोयीची वाटते.

या साऱ्या इंग्रजी शब्दांत ज्याला मराठीत खरा पर्याय सापडलेला नाही, असा एक शब्द आहे: 'स्ट्रिंगर'. जुन्या काळी छापून आलेल्या मजकुराची लांबी दोरीने मोजून त्याप्रमाणे पैसे देत, त्यावरून तो आला असे सांगतात. आकाशवाणीने आपल्या जिल्हा बातमीदारांना 'अंशकालीन वार्ताहर' असे सरकारी पण सरळ नाव दिले. खासगी माध्यमांनी तेवढेही केले नाही. तालुक्याच्या गावी बातमी आणणारा, वर्गणी गोळा करणारा, नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात मिळवणारा आणि पहाटे अंकांचे गठ्ठे उतरवून घेणारा बहुधा एकच माणूस असतो. त्याला गाव 'पत्रकार' म्हणते. त्याच्या कार्यालयाच्या दफ्तरी तो कुठेच नसतो. दिल्लीच्या वाहिन्यांवर 'ग्राउंड रिपोर्ट' म्हणून जे दिसते, त्यातली पहिली चित्रफीत अनेकदा त्याचीच असते; नाव दुसऱ्याचे.

बस्तरचा मुकेश चंद्राकर असा पत्रकार होता. राष्ट्रीय वाहिनीसाठी स्ट्रिंगर म्हणून काम करणारा, स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवणारा. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी पकडलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाला सोडवून आणण्यासाठी जंगलात गेलेल्यांत तो होता. त्या दिवशी त्याला 'पत्रकार' म्हणताना कोणी अडखळले नाही. १ जानेवारी २०२५ रोजी तो बेपत्ता झाला आणि ३ जानेवारीला विजापूरमध्ये एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचाराची बातमी हे हत्येचे कारण असल्याचे तपासात पुढे आले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याच्या नावाआधी कुठे 'फ्रीलान्स जर्नलिस्ट', कुठे 'स्ट्रिंगर', कुठे 'यूट्यूबर' होते.

कोकणात याआधी असेच घडले. राजापूरचे शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी मोटारीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी प्रकल्पाच्या वादात ज्याच्याविषयी त्यांनी लिहिले होते, त्यालाच अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१७ साली प्रथम संमत केला तो महाराष्ट्राने, याचा आपल्याला रास्त अभिमान असतो. त्या कायद्यातही संरक्षण आहे ते 'मीडिया पर्सन'ला, आणि मीडिया पर्सन म्हणजे माध्यम संस्थेत नियमित वा कंत्राटी पद्धतीने नेमलेला. पुढे तीच जुनी यादी येते: संपादक, वृत्तसंपादक, उपसंपादक आणि आपला अढळ कॉपी-टेस्टर. नेमणुकीचा कागदच नसलेल्या तालुका वार्ताहराने हल्ल्यानंतर पोलीस ठाण्यात जाऊन आपण या यादीत बसतो हे कसे पटवावे, याचे उत्तर त्यात शोधावे लागते.

इथे दिल्लीत बसलेल्या मराठी अधिकाऱ्याचा संबंध येतो. यांतले अनेक जण महाराष्ट्रात जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक होते, बरेच जण परत जातील. जिल्ह्यात असताना दुष्काळाची, बोगस मजुरांची, वाळूची पहिली बातमी त्यांना कोणत्या संपादकाने दिली होती? ती आणणाऱ्याच्या खिशात अधिस्वीकृती पत्रिका नव्हती, म्हणून पत्रकार परिषदेत त्याची खुर्ची मागे होती.

नव्या संहितेत एक कलम आहे, ज्याची चर्चा वेतन मंडळाच्या वादात मागे पडली. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही शब्द आहेत. आता वृत्तपत्रांची व्यवस्थापने आपल्या शेकडो तालुका वार्ताहरांना ते पत्र देतात की त्यांना 'सेवा पुरवठादार' असे आणखी एक नाव देऊन बाहेर ठेवतात, हे राज्यांच्या कामगार खात्यांना येत्या काळात तपासावे लागेल. त्या खात्यांत पत्रव्यवहार हाताळणारा अधिकारी बहुधा उपसचिवच असेल, आणि पत्र पाठवणारा तालुका वार्ताहर सहीखाली काय लिहावे या विचारात पडलेला असेल.